चतुर्थीच्या आदल्या दिवशी न आलेलं विमान

मी आरोंद्याची, खाडीकाठची. वडील होडीवर, आई बाजारात मासळी घेऊन बसायची. मी बारावी झाले, टायपिंग शिकले आणि मावशीकडे म्हापशाला राहून गोव्याच्या विमानतळावर एका छोट्या विमान कंपनीच्या तिकीट खिडकीवर लागले. कंपनी छोटी म्हणजे किती, तर विमान एकच, मुंबईहून सकाळी यायचं, दुपारी परत जायचं. सीट भरायच्या थोड्या आणि साहेब बदलायचे फार. कंपनी का बुडली असं लोक अजून विचारतात. बुडली कारण माणसं बसली नाहीत, दुसरं काय सांगू तुम्हाला?

आमचे आप्पा, म्हणजे माझे चुलते, त्यांचे हात थरथरायला लागले होते. कंपनी बुडली त्या वर्षी गणपतीची पूजा मुलाच्या हाती द्यायची ठरलं होतं. मुलगा मुंबईला, कारखान्यात. सुटी मिळाली ती अगदी शेवटच्या दिवसाची, बस गाठणं जमेना, म्हणून विमानाचं तिकीट काढलं. मीच काढून दिलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आप्पा जीप करून आले ते थेट मूर्ती घेऊनच. आमच्याकडे मूर्तिकाराला आपला पाट आधी देतात, त्यावरच तो गणपती करतो. आप्पांनी वाटेत तो उचलला आणि इकडे आणला. मी म्हटलं, आप्पा, देवाक हंय कित्याक आणलास? तर म्हणाले, झिलाच्या हातान घरात नेवचो आसा गो. झील म्हणजे मुलगा. मूर्ती उचलली की घरीच टेकवायची, म्हणून मांडीवर पाट धरून बसले, तोंडावरचं फडकं नीट करत.

विमानाची वेळ टळली. मुंबईला फोन केला तर साहेब म्हणाले, विमान आता येणार नाही, कंपनी बंद झाली, पण आज लोकांना उशीर आहे एवढंच सांगा. फोन ठेवला. खिडकीशी आप्पा उभे, पाट छातीशी धरून.

माका खरां सांग, कधी येतला?

येवचा नाय, मी म्हटलं. आज नाय, उद्या नाय, कधीच नाय.

मागची माणसं ओरडायला लागली, एक जण म्हणाला, मगे तू हंय कित्याक बसलंस, शोभेक? मी सगळ्यांना तेच सांगितलं, खिडकी बंद केली, चावी पहारेकऱ्याला दिली. आप्पा जीपमध्ये एकच बोलत होते, माजे हात थरथरतत गो. मी म्हटलं, थरथरूंदेत, गणपतीक चलता. पाट मी मांडीवर घेतला, आरोंद्यापर्यंत पाय बधिर झाले.

चतुर्थीला सकाळी पूजा आप्पांनीच केली, अर्ध्या दूर्वा पाटाखाली पडल्या. मुलगा संध्याकाळी बसने आला तोवर आरतीही झाली होती. पुढच्या वर्षी त्याला देतील असं वाटलं, पण आप्पांना कळलं होतं की जमतं. आता दोन हजार दहा साल आलं तरी त्यांनी पूजा सोडलेली नाही. मुलगा, डोक्यावरचे केस गेलेला, मागे बसून घंटा वाजवतो आणि पूजा माझ्यामुळे हातची गेली म्हणून माझ्याशी बोलत नाही.

मी आता सावंतवाडीला बसची तिकिटं देते. यंदा मुंबईला परत जायचं तिकीट त्याने माझ्याकडूनच काढलं, हात खिडकीच्या आत, तोंड रस्त्याकडे. बोलायचं नसेल तर नको बोलूस, बाबा. सुखरूप पोच म्हणजे झालं.