वहीत नसलेलं माप

नाही नाही ताई, परत घ्या असं म्हणतच नाहीये मी — ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’, पाटी वाचूनच आत आलोय. मला फक्त सुई द्या. सुई, राखाडी दोरा नि कात्री — ती मोठी नको, ती बारकी, दोरे कापायची. हा कोट जरा बाजूनं आत घ्यायचाय. इथंच, या स्टुलावर बसून. हॉटेलवर नाही जमायचं, तिथं माणसं आहेत माझी — जावई, नात. मुलगी समोर औषधाच्या दुकानात गेलीय, नातीला काल बस लागली, तिच्या गोळ्या आणायला. रांग आहे तिथं, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं आहेत माझ्याकडे. काळजी करू नका, कापड खराब नाही करणार. चाळीस वर्षं शिवतोय मी.

कालचा मी आठवतोय ना? न आठवायला काय झालं — अर्धा तास डोकं खाल्लं तुमचं. खांदा उतरतोय, बाही पिळलीय, अस्तर हलकं लावलंय — तुम्ही बिचाऱ्या हो-हो करत होतात. शेवटी म्हणालात, अहो, ज्यांना घालायचाय त्यांनाच घेऊन या ना. आणि मी काय म्हणालो? ‘ती हॉटेलवर आहे, गुडघे दुखतात तिचे, चढ चढवत नाही.’ किती सहज! उचलली जीभ, लावली टाळ्याला. ताई, माझी बायको हॉटेलवर नाहीये. तिला जाऊन आठ महिने झाले. नाही, बसा, बसा तुम्ही — पाणी वगैरे काही नको. तुम्हाला फसवायचं म्हणून नाही बोललो हो. खरं सांगू? मी विसरलोच होतो. कोट दिसला, हात लावला, कापड उबदार लागलं, मनात आलं की हिला थंडी फार वाजते — बस, इतकंच. पुढचं सगळं हातांनीच केलं. तुम्ही माप विचारलंत नि मी घडाघडा सांगितलं — खांदा साडेचौदा, छाती अडतीस, बाही एकवीस. पिशवी घेऊन बाहेर पडलो, चार दुकानं पुढे गेलो, आणि मग आठवलं. भर रस्त्यात. लोक मला चुकवून जात होते आणि मी आपला उभा.

लपवली असती पिशवी, पण मुलगी स्वभावानं आईवर गेलीय, तिच्यापासून काही लपत नाही. खोलीवर गेल्या गेल्या उघडली. ‘कुणाला हो, बाबा?’ म्हटलं, तुलाच. सारवासारव. तिनं अंगाला लावून बघितला — ती माझ्यासारखी ताडमाड, बाही मनगटाच्या चार बोटं वर. कळलं तिला. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर म्हणेल, बाबांचं डोकं फिरलं. तसलं काही नाही. नीट घडी घातली कोटाची — शिंप्याची मुलगी आहे — आणि हळूच म्हणाली, ‘बाबा, आई शेवटी एवढी नव्हती राहिली.’ आणि गेली पोरीचं तोंड पुसायला. मला ताई, मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? सांगतो. आमच्या दुकानाचा एक नियम — जुन्या मापावर कापड कापायचं नाही. गिऱ्हाईक वीस वर्षांचं असो, आलं की नवं माप, वहीत नवं पान. माणूस बदलतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. एक वकीलसाहेब यायचे, पोट आत ओढून उभे राहायचे — मी त्यांना एखाद्या खटल्याचं विचारायचो, बोलायच्या नादात श्वास सुटला की टेप आवळायचो! नाव होतं हो माझं त्यासाठी. आणि बायकोचं माप? वहीतच नाही. तिला म्हणायचो, तुझं माप माझ्या हातात आहे गं. ती खूश, मीही खूश. मुलगी झाल्यावर एकदा घेतलं होतं, तेच शेवटचं. मुलगी आज छत्तीस वर्षांची आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

मग दुखणं आलं. झरझर उतरली ती. एक दिवस निळा ड्रेस घेऊन मशीनपाशी आली — मीच शिवलेला, दवाखान्यात जायचा — ‘अहो, हा जरा बाजूनं आत घ्या ना, अंगावर राहत नाही.’ म्हटलं, ठेव तिथं, गिऱ्हाइकांचं होऊ दे आधी. आठवड्यानं परत आली. म्हटलं, अगं, भरशील की पुन्हा, मग काय उसवत बसू? बरं वाटलं ना ऐकायला? धीर दिल्यासारखं? मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. खोटं आहे ते. मला तिला टेप लावायचीच नव्हती. लावली असती तर आकडा कळला असता — आणि एकदा आकडा कळला की शिंप्याला स्वतःशी खोटं बोलता येत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय कोण जाणे.

तिसऱ्यांदा नाही आली ती. त्या दिवसांत दुकानातल्या सेफ्टी पिना भराभर संपायच्या. मी आमच्या म्हाताऱ्या कारागिरावर ओरडायचो, पिना खाता का हो तुम्ही? तो खाली मान घालून टाके घालत राहायचा. शेवटच्या दिवशी दवाखान्यात मुलीनं तिचे कपडे बदलले, तेव्हा निळ्या ड्रेसला आतून पिना. डावीकडे चार, उजवीकडे तीन. मुलीनं एकेक काढली नि माझ्या तळहातावर ठेवली. शिंप्याची बायको, ताई — पिना लावून गेली. तेव्हापासून हा विषय ना मुलीनं काढला ना मी. ‘चला बाबा आमच्याबरोबर, हवापालट होईल’ म्हणाली, तर मी आलो — हौस म्हणून नाही, तिला नाही म्हणायला तोंड नव्हतं म्हणून.

हे बघा, बाजूची शिवण उसवली. आत कापड भरपूर सोडलंय, शिवणारा भला माणूस दिसतो. आता आत घ्यायचं — पण किती? इंच? दोन इंच? पहाटेपासून तेच चाललंय डोक्यात. तिला डोळ्यांपुढे आणतो तर ती अडतीसचीच येते. आजारातली दिसते, पण पांघरुणासकट. कुणाला घालायचाय हा कोट? कुणालाच नाही. मग कशाला? कशाला म्हणजे? तिनं सांगितलं होतं म्हणून. दोनदा. किती आत घ्यायचा ते एकाच माणसाला माहितीय आणि तिला विचारायची माझी हिंमत —

आली. मुलगी काचेतून बघतेय. ताई, हे जरा त्या गठ्ठ्याखाली सरकवा — नको. राहू दे. असाच राहू दे, उसवलेला. दिसू दे तिला.

ये गं, ये आत. काही झालं नाही मला. बस इथं. या ताई — कालच्याच. हे टोक धर. असं नाही, शिवणीपाशी. बाळ... किती आत घेऊ गं? पिना तू काढल्यास ना, तुला माहितीय. बोटांनी दाखव. रडू नकोस, आधी दाखव — ताई, तुम्ही जरा तिकडे जाता का? गिऱ्हाईक आलंय बघा तुमचं. जा.

एवढं?

दोन्ही बाजूंनी?