बिबट्याची कॅसेट

गुरुजी : बंद कर ते, सोपान. मला नको ऐकवूस. आठवडाभर पिंपळवंडीत रोज तीच ऐकतोय.

सोपान : मग चूक काय हाय ते तरी सांगा ना, गुरुजी! शब्द तर तुमीच तपासले व्हते. "अंधार पडायच्या आत घरात या. पोरांना एकटं सोडू नका. उसाच्या कडंनं जाऊ नका." बिबट्यासाठी ह्याच्या वरतं आनखी काय सांगायचं मानसानं?

गुरुजी : शब्दांत चूक नाही. काल कुशाबाईची नात तुझी कॅसेट लावलेल्या जीपमागे धावली, ते कळलं का तुला?

सोपान : उडत उडत कानावर आलं. पोरगी बरी हाय म्हणले.

गुरुजी : वृषाली बरी आहे. तिच्यासोबत त्यांचं कुत्रं धावत होतं. बिबट्यानं ते तिच्या शेजारून उचलून उसात नेलं. दुसरीतली मुलगी आहे.

सोपान : आरं देवा. पण कॅसेट तर "घरात बसा" म्हणत व्हती! ती भाईर आली कशाला?

गुरुजी : मलाही तोच प्रश्न पडला. म्हणून सकाळी शाळेत गेलो. मुलांना विचारलं, जीप काय सांगत होती रे? कुणाला धड सांगता येईना. मग म्हटलं, बरं, म्हणून दाखवा. तर अख्खा वर्ग उभा राहिला आणि तुझ्या चालीत सुरू झाला : "बिबट्याऽ... ट्याऽ... ट्याऽ..."

सोपान : ते इकोमुळं. बटन जरा जास्त फिरलं आसंल.

गुरुजी : हसतोस काय?

सोपान : हसत न्हाई. पन आख्खा वर्ग म्हणत व्हता?

गुरुजी : अख्खा वर्ग. बाईंनी गप्प केलं तरी मागचे दोघे म्हणतच होते. आता मला सांग, त्या मुलांना तुझा आवाज कशाकशातून माहीत आहे?

सोपान : कशातून म्हंजी? आळेफाट्यापासून निमगाव सावापातुर माझ्या आवाजाबिगर रिक्षा हालत न्हाई. तमाशा आला की मी. यात्रा, कुस्त्या, सर्कस. खेमचंद शेठच्या साड्यांचा सेल. मागल्या दिवाळीला तर रिक्षातनं गोळ्या उधळल्या, पोरं दोन-दोन वस्त्या मागं पळत व्हती... 

गुरुजी : बोल ना. का थांबलास?

सोपान : काय न्हाई.

गुरुजी : कळलं ना तुला?

सोपान : म्हंजी पोरं गोळ्यांसाठी आली.

गुरुजी : मूल आधी चाल ऐकतं, शब्द मागून. चौथीत तू नफा-तोट्याचं गणित असं वाचायचास, की वर्गाला वाटायचं व्यापाऱ्याची वरात निघालीय. मी तेव्हा तुला अडवलं नाही. मला आवडायचं.

सोपान : मग बिगर चालीचं वाचतो की! त्यात काय? थांबा, माईक लावतो... ट्रक जाऊ द्या. ह्या फाट्यावर एक वाक्य सलग रेकॉर्ड व्हईल तर शपथ. भिंतींना गाद्या ठोकल्या तरी हॉर्न आत येतोच... हां. गेला. "पिंपळवंडी ग्रामस्थांनो! आपल्या परिसरात बिबट्याचा वावर आहे! सर्वांनी अंधारापूर्वी आपापल्या घरी परतावे!"

गुरुजी : घरी नाही, मला सर्कशीलाच जावंसं वाटलं.

सोपान : पुन्हा घेतो. "पिंपळवंडी ग्रामस्थांनो. आपल्या परिसरात. बिबट्याचा. वावर आहे! सर्वांनी..."

गुरुजी : "आहे" ला वर गेलास.

सोपान : गेलो का?

गुरुजी : उडी मारून गेलास.

सोपान : आवो, वीस-एक वर्षं वर गेलेला आवाज हाय, त्यो आज येकदम खाली कसा बसंल? बैलाला गाडीची सवय आसती तशी सवय हाय ती.

गुरुजी : मी तुला रागवत नाही, बाळा. दुसऱ्या कुणाचा आवाज बघू.

सोपान : दुसरं हाय कोण? भागू गेला पुण्याला, सिरीयलच्या डबिंगला. एवढ्या दिसांत त्याला एक वाक्य मिळालं : "साहेब, गाडी लागलीय." तेवढ्यावर पेढे वाटले गड्यानं. परवा हाटेलात समद्या अनाउन्सर लोकांनी त्याच्याकडनं ते वाक्य धा येळा म्हणून घेतलं. चिमाजीचा घसा बसलाय, पंचायतीच्या इलेक्शनला दोन्ही पॅनलचं त्योच वरडला. आन् चेतना, ती लग्नाच्या निवेदनाची. ती "बिबट्या" म्हणली, तर बिबट्याला वाटंल पंगतीला बोलावत्यात.

गुरुजी : एक नाव तू घेतलं नाहीस.

सोपान : घेणार बी न्हाई.

गुरुजी : गेणभाऊचा आवाज आला की काय होतं रे गावात?

सोपान : काय व्हणार? कुणाचं तरी निधन, न्हाई तर कुणाची तरी दशक्रिया. बाया पोरांना आत वढत्यात, टीव्ही बंद करत्यात.

गुरुजी : पोरांना आत ओढतात.

सोपान : गुरुजी, न्हाई. आमच्यात गावं वाटलेली हायती. जुन्नरची माझी, आंबेगावची त्याची. मयताची रिक्षा तेवढी त्यानं कुठंबी न्यावी, ते काम कुणालाच नको आसतं. पन बाकी कॅसेट माझ्या गावात माझीच. उद्या बिबट्यासाठी त्याला आत घेतलं, की परवा यात्रा मागंल, तेरवा सर्कस. मानसं म्हणतील, सोपानचा आवाज बाद झाला.

गुरुजी : गावं तुझी असतील. मुलं कुणाची?

सोपान : आन् त्यो येनारच न्हाई. हाटेलातल्या बैठकीला मी समद्यांम्होरं बोललो व्हतो : "गेणभाऊनं माईक धरला की समजायचं, मतदारयादीतलं एक नाव कमी झालं." समदी हसली. त्यो ताटावरनं उठला. तवापासून रामराम न्हाई.

गुरुजी : खाली गॅरेजपाशी चहा पितोय तो.

सोपान : कोण?

गुरुजी : गेणभाऊ. मीच मंचरला फोन केला होता. आला बघ, जिन्यात पावलं वाजतायत. उठून उभा राहा.

गेणभाऊ : रामराम, गुरुजी.

गुरुजी : या. बसा इथं, गादीवर.

गेणभाऊ : ह्यांचा स्टुडिओ हाय. ह्यांनी म्हणलं तर बसंन.

सोपान : बसा की, राव. गादीवर काय कुणाचं नाव लिवलंय का?

गेणभाऊ : यादीतलं कमी झालं आसंल.

सोपान : गेणभाऊ, ते मी मस्करीत...

गेणभाऊ : मस्करी चांगली व्हती. मी बी हसलो घरी गेल्यावर. पोरीचं कळलं मला, गुरुजी. कुत्र्याचं बी. काय वाचायचंय?

सोपान : असं लगीच?

गेणभाऊ : मंग? काय पंचांग काढायचं? पर आधी येक मागनं हाय.

सोपान : म्हणलं व्हतं ना, गुरुजी! बोला. यात्रा का सर्कस?

गेणभाऊ : खेमचंद शेठचा दिवाळी सेल. येकदाच. पैशे तुमीच घ्या.

सोपान : सेल? आवो, ती तर माझी सगळ्यात... गेणभाऊ, तुमी आन् साड्या?

गेणभाऊ : का? तीस वर्सं मयताचं वाचतोय. घोडेगावात शाळेवरनं रिक्षा चालली की पोरं वर्गाच्या खिडक्या लावून घेत्यात. माझी सोताची नात, आरती, माईक हातात बघितला की इचारती : आजोबा, आज कोण? येकदा तरी वाटतं, पोरं मागं पळावीत.

सोपान : पन जमंल का? त्याला आवाजात जरा नाच लागतो.

गेणभाऊ : माईक सोडा तिकडं. आसंच ऐका. "आल्या आल्या, दिवाळीच्या साड्या आल्या! माऊली, तुमी घ्या, सुनंला घ्या, सुनंनं सासूला घ्या! भांडान मिटंल, दिवाळी गोड व्हईल! खेमचंद शेठकडं रंग मोजा, दिवस मावळंल, रंग सरायचे न्हाईत! या, या, या!"

सोपान : ...आयला.

गुरुजी : वा, गेणभाऊ!

सोपान : हे कुठं शिकलात?

गेणभाऊ : गोठ्यात. म्हशींना समदं पाठ झालंय.

सोपान : "सुनंनं सासूला घ्या." हे मला कधी सुचलं न्हाई, राव. शेठ खुश व्हईल. जा, दिला सेल तुमाला. गुरुजी साक्षीला हायेत. बास? आता बिबट्याचं वाचा.

गुरुजी : गेणभाऊ, मी एक विचारू?

गेणभाऊ : इचारा.

गुरुजी : सेलची रिक्षा दिवाळीच्या आधी फिरणार. ऊस कधी तुटतो तुमच्याकडे?

गेणभाऊ : दिवाळीनंतर. मंग शिमग्यापातुर चालतो.

गुरुजी : आणि ऊस तुटायला लागला, की आतलं जनावर कुठं जातं?

गेणभाऊ : वस्तीकडंच. खरा धोका तवाच.

गुरुजी : म्हणजे बिबट्याची कॅसेट तेव्हाच जास्त लागणार.

सोपान : गुरुजी, आता हे मधीच काय काढलं? त्यांनी एवढं मागितलं, मी दिलं बी.

गुरुजी : मी नको म्हणत नाही. फक्त विचारतोय. सेल गेणभाऊंनी वाचला, तर तो चांगला होईल. आपण आत्ता ऐकलाच.

गेणभाऊ : चांगला व्हईल, हितंच आडलं म्हणा. पोरं पळतील मागं.

गुरुजी : मुलं लवकर शिकतात.

गेणभाऊ : आन् मंग त्योच आवाज सांच्याला म्हणनार, घरात बसा. कोण बसंल?

सोपान : एका सेलनं काय व्हतंय? लोकं तुमच्या आवाजाला तीस वर्सं भ्येत्यात, ते काय आठ दिसांत जातंय?

गेणभाऊ : तुमचा आवाज पोरांच्या डोक्यात बसायला किती दिस लागले? येका गोळीत बसलाय त्यो. माझा बी बसंल.

सोपान : गेणभाऊ, मी दिलेला शब्द मागं घेत न्हाई, बरं का. तुमीच ठरवा.

गेणभाऊ : ऱ्हाऊ द्या सेल.

सोपान : पुढल्या दिवाळीला करू. पक्कं.

गेणभाऊ : पुढल्या दिवाळीला ऊस नसंल व्हय? आना कागद. चष्मा कुठं गेला माझा... हां. ह्ये "परिसरात बिबट्याचा वावर आहे" काढून टाका. वावर म्हणल्यावर लोकं आपलं शेत बघायला निघतील.

गुरुजी : खरं आहे. "बिबट्या फिरतोय" म्हणा.

गेणभाऊ : इको नको. गानं बी नको मागं. आन् जरा गप्प ऱ्हावा दोघं.

सोपान : ट्रक गेला. घ्या.

गेणभाऊ : "पिंपळवंडी आणि मळ्यातल्या सर्व वस्त्यांना कळवण्यात येते, की बिबट्या फिरतोय. दिवस मावळायच्या आत लेकरांना घरात घ्या. दाराला कडी लावा. बाहेर कुणी थांबू नये."

गुरुजी : सोपान, टेप बंद कर. संपलं ते.

सोपान : हां. बंद करतो. अंगावर काटा आला, राव. बाही वर करून दाखवू का?

गेणभाऊ : नको. मी बघितलेत लई काटे.

(त्याच दिवशी, दिवस मावळताना. पिंपळवंडीच्या मळ्यातून कॅसेट लावलेली जीप हळूहळू चालली आहे. तिघे आत बसले आहेत.)

सोपान : आवाज वाढवू का?

गेणभाऊ : नको. हाय तेवढा बास.

गुरुजी : ते बघा, शेळ्या आत घेतल्या. खाट पण उचलली.

सोपान : कडी वाजली. ऐकली का? दुसरी बी वाजली.

गेणभाऊ : त्या पत्र्याच्या घरात पोरं हायती ना?

गुरुजी : भरपूर आहेत. तिन्ही भाऊ एकत्र राहतात.

गेणभाऊ : मंग अंगनात कुणी दिसत न्हाई ते?

सोपान : न्हाई. दार लागलं.

गेणभाऊ : खिडकीत?

सोपान : खिडकी बी लावली आतनं.

गेणभाऊ : जीपच्या मागं बघ बरं, सोपान. माझी मान वळत न्हाई.

सोपान : बघतोच हाय मघापासून.

गेणभाऊ : कुणी येतंय का मागं?

सोपान : न्हाई, गेणभाऊ. कुणीच न्हाई.

गेणभाऊ : येक बी न्हाई?

सोपान : येक बी न्हाई.

गेणभाऊ : हं. मंग चालू द्या. अजून वरची वस्ती ऱ्हायलीय.