सांगता येत नाही

नागानोतल्या इस्पितळात माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना भेटायला प्राध्यापक कुवाबारा आले. बाईंची मुलगी चिनात्सु हिच्या शाळेत, मुलं एकमेकांना छळतात का, याची पाहणी प्राध्यापकांनीच केली होती.

“चिनात्सु शुद्धीवर आली?”

“आधी सांगा, शाळेतल्या समुपदेशक बाईंना का काढलं?”

“छळ होतो असं पालकांनी म्हटलंच नाही. बहुतेकांचं उत्तर एकच, ‘सांगता येत नाही’.”

“अहो, चारचौघांत ‘हो’ म्हणायचं असलं की आपल्याकडे असंच म्हणतात! तुम्ही इथलेच ना?”

“मला कळलं होतं. पण वरून आकडा मागत होते. मी ती उत्तरं ‘तक्रार नाही’मध्ये धरली.”

“वा!”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“‘सांगता येत नाही’ म्हणाले. हे कशात धरू, सर?”