बद्द वाजलेला शेवट

मंडळी, ऐका! ज्या साली आपल्या आळीतल्या रंगनाथ वडक्यांच्या मंजूचं लग्न झालं — आणि ऐन मंगलाष्टकात मांडवाचा खांब नवरदेवाच्या मामांवर कलला — त्या सालचं हे आख्यान. मामा वाचले. खांबही वाचला! पण आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो.

मायेपोटी सांगितलेलं खोटं — ते पुण्यात जमा होतं की पापात?

सांगा! गप्प का? पेटीवाले, तुम्ही सांगा. तेही पट्टी शोधायला लागले! बरं. हा प्रश्न कालिकामातेच्या पायाशी ठेवू. जाताना तिथूनच उत्तर उचलू.

परगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो. रंगनाथ वडके म्हणजे तांबट. ह्याच देवळामागं त्यांचं दुकान. हंडे-घागरी घडवायचे, आणि कादंबरी लिहायचे! हो, कादंबरी! शाळेचा उंबरा नाही ओलांडला. मग अक्षरं कुठून आली? भांड्यांवरून! गिऱ्हाईक भांड्यावर नाव घालून मागतं ना, ठिपक्या-ठिपक्यांचं? ठोकता ठोकता मिशीला पांढरा केस आला तेव्हा अक्षरं ओळखीची झाली. आणि पहिलं नाव वाचलं ते घरातल्या जुन्या हंड्यावरचं — ‘चि. चंद्रभागा हिस वडिलांकडून’. थोरल्या बहिणीचा आंदणाचा हंडा तो! माणसानं आयुष्यात पहिल्यांदा वाचलं, ते बहिणीचं नाव.

आणि मग लिहिलं काय? ‘गोदाचा हंडा’. नवऱ्याच्या माराला कंटाळून गोदा आपला हंडा कडेवर घेते, घराबाहेर पडते, नदीच्या घाटावर येऊन उभी राहते — आणि पुस्तक संपतं! लोक खवळले. पुढं काय? आता तुम्हाला ठाऊक आहे, आळीलाही ठाऊक होतं — गोदा म्हणजे चंद्राक्का! ती तशीच हंडा घेऊन माहेरी आली, भावाच्या भट्टीचा भाता ओढत राहिली, आणि पुन्हा सासरची पायरी चढली नाही. कुणी बोलायचं नाही, एवढंच.

तर रंगनाथअण्णांनी दुसरा भाग लिहायला घेतला. पहिला खर्डा संपला केव्हा? मंजूच्या हळदीच्या दिवशी! शेवटच्या पानावर पिवळा अंगठा उमटलाय. मांडवात बायकांनी घेरलं — “अण्णा, गोदाचं काय केलंत?” अण्णा हसले. “सुखी केली!” बायकांनी टाळ्या वाजवल्या!

वऱ्हाड गेलं. घर रिकामं झालं. पोरगीही गेली आणि पुस्तकही हातावेगळं झालं. अण्णांना करमेना. सकाळी उठावं, लिहायला बसावं, आणि आठवावं — अरे, संपलं की! मग खर्डा उचलला आणि अक्काच्या खाटेपाशी गेले. अक्काची खाट भात्याशेजारीच. धुरानं छाती गेली होती तिची. डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार दिवस नाहीत. म्हणून तर घाई! अक्काच्या कानावर पुस्तक पडलं पाहिजे.

वाचलं. शेवट असा — नवरा दारात येतो, हात जोडतो, गोदाच्या डोळ्यांत पाणी, हंडा कडेवर, आणि जोडी सासरच्या वाटेला लागते. अक्कानं काय केलं? कागदांच्या गठ्ठ्यावर बोटाचं पेर आपटलं. गिऱ्हाईक घागर वाजवून बघतं ना? तसं!

“बद्द वाजतंय, रंगा. कुठंतरी चिरलंय.”

“अक्का, सुखी झाली ना ती!”

“ही बाई कोण?”

“गोदाच की!”

“गोदा अशी जात नाही. जाणारीच असेल, तर तिला दुसरं नाव दे.”

अण्णा चिडले. “तुला जे मिळालं नाही, ते तुला कागदावर तरी दिलं! तर ते बद्द?”

अक्का कुशीवर वळली. “मागितलं होतं का मी?”

झालं! मंडळी, कादंबरीकाराला असं म्हटल्यावर तो काय करतो? डागडुजी! अण्णांनी एक वाक्य खोडलं, दोन घातली. नवऱ्याला आधी दोनदा हात जोडायला लावले, मग पाया पडायला लावलं. गोदाला आधी जरा रुसवलं. रोज ठोकाठोक! आणि जितकं ठोकावं तितकं पुस्तक ताठत जावं.

अशातच एक घागर घडवायला घेतली होती. तांब्याचा स्वभाव पाहुण्यांनी ऐका. ठोकलं की तांबं कडक होतं. मग ते परत भट्टीत घालायचं, लाल होऊ द्यायचं, की मऊ पडतं. आकार जात नाही, फक्त ताठा जातो! मग पुन्हा हातोडा. हे आळीतलं शेंबडं पोरही सांगेल. आणि अण्णांसारखा मुरलेला कारागीर, डोक्यात शेवटचं प्रकरण घेऊन थंड तांब्यावरच ठोकतोय... ठोकतोय... टच्च! घागर चिरली!

समोरचा गणपत तांबट दुकानातून ओरडला, “अण्णा, घागर घडवत होता की लिहीत होता?” सगळी आळी हसली. अण्णा नाही हसले. चिरेवर बोट ठेवून बसले. त्यांना दिसलं! खर्ड्यावर आपण थंडच ठोकतोय. भट्टीत घातलाच नाही.

आणि नेमके त्याच दिवशी प्रकाशक टिल्लू आले. त्यांनी आधीच खर्ड्याची नक्कल नेली होती. “अण्णा, रडलो हो! दिवाळीला काढू.”

“शेवट मोडायचाय.”

“देवाशप्पथ, शेवटाला हात लावू नका! बायाबापड्या ओवाळतील त्याला!”

“ती बाई परत गेली नव्हती.”

“कोणती बाई? अहो, कादंबरी आहे ही! उशीर केलात तर लोक विसरतील तुम्हाला.”

अण्णा उठले. टिल्लूंच्या हातातली नक्कल काढून घेतली. “विसरू देत. अक्काला आठवतंय तोवर मला काम आहे.”

वा रे पठ्ठ्या! मंडळी, शिव्या खाल्लेलं काम कुणीही मोडतं. वाहवा मिळालेलं मोडायला छाती लागते!

अण्णा खाटेपाशी बसले. या वेळी हातात कागद नव्हता. “अक्का, तूच सांग. मी इतकी वर्षं विचारलंच नाही.”

अक्का बराच वेळ खोकली. मग म्हणाली, “तो आला होता.”

“कोण?”

“माझा नवरा. तू बाजाराला गेला होतास. तू लिहिलंस तस्साच दारात उभा राहिला. हात जोडले. चल म्हणाला.”

अण्णा पुढं वाकले. “मग?”

“मी म्हटलं, पाणी पिऊन जा. ह्याच हंड्यातलं दिलं. प्याला. गेला.”

“आणि तू? का नाही गेलीस?”

“भट्टी पेटलेली होती. भाता कोण ओढणार?” अक्का हसली. “आणि मला इथं बरं वाटत होतं, रंगा. हातांत जोर होता, तांबं माझ्यासमोर लाल होत होतं, कुणी अंगावर येत नव्हतं. तुम्हीच सगळे माझी कीव करत बसलात! तू तर दोन पुस्तकं भरून केलीस!”

ऐकलंत? ज्या बाईला भाऊ जन्मभर दुःखी समजला, ती सुखात होती! तिचं सुख त्याला दिसलंच नाही, म्हणून हा दुसरं सुख तिच्या पदरात टाकायला निघाला.

मग अण्णा बसले ते बसले. दुकान अर्धा दिवस बंद. अक्का बोलायची, थकली की थांबायची. अण्णा लिहायचे. जुना खर्डा टाकला नाही हं! घाट तोच, नवरा तोच, हात जोडणंही तेच. फक्त ताठा गेला. टिल्लूंची चिठ्ठी आली, मग दुसरी आली, दिवाळी आली आणि गेली. अण्णांनी मान वर केली नाही.

शेवटचं पान वाचलं तेव्हा अक्काला बसवत नव्हतं. गोदा दारातल्या माणसाला पाणी देते, रिकामा पेला परत घेते, विसळून हंड्यावर पालथा घालते, आणि भात्याला हात घालते. बस्स. एवढाच शेवट.

अक्कानं हात लांबवला. अण्णांनी गठ्ठा जवळ सरकवला. पेर आपटलं.

“कसं वाजतंय, अक्का?”

“खणखणीत. आता चहा टाक.”

मंडळी, आता उचला तो प्रश्न! मायेपोटीचं खोटं पुण्य की पाप? मी नाही सांगणार. तुम्ही घरी जा. तुमच्या घरात जी माणसं आहेत — आई, बहीण, बायको, घराच्या कोपऱ्यात बसलेला म्हातारा — त्यांची गोष्ट तुम्ही मनात कधीच लिहून ठेवलीय. बिचारी म्हणून! अभागी म्हणून! जाऊन वाजवून बघा. बद्द वाजली, तर मोडा. आणि परत लिहिण्याआधी त्यांना विचारा! आज रात्रीच विचारा, कारण खाटेवरचं माणूस आपल्या सवडीसाठी थांबत नाही.

देवीचा उदो म्हणायला उठण्याआधी एवढं ऐका. पुस्तक निघालं, पण छापलेलं तिनं पाहिलं नाही. चंद्रभागा वडके मंजूच्या लग्नाच्याच साली, मार्गशीर्ष शुद्ध नवमीला, सकाळी, भात्याशेजारच्या खाटेवर वारली.