देवाला घोंगडी कुणी दिली?

मंडळी, एक विचारतो. आपलं बरं झालं की आपण देवाचे आभार मानतो. नारळ फोडतो, पेढे वाटतो. चांगलंच आहे! पण देव ज्याच्या हातानं आपल्यापर्यंत आला, त्या हाताचं काय? त्याला कुणी जाऊन सांगायचं?

ऐका तर.

माणदेशात म्हाकू नावाचा एक मेंढपाळ होता. एका चैत्रात मुलगा आणि सून बाजाराला गेलेली. उघड्या माळावर म्हाकू, मेंढरं आणि चार महिन्यांची नात, बानू. दुपारी आभाळ काळं झालं आणि गारा सुरू झाल्या — लिंबाएवढ्या! ना झाड, ना आडोसा. म्हाकूनं खांद्यावरची घोंगडी चौघडी केली, पोरीवर घातली आणि कोंबडी पिलांवर बसते तसा वर ओणवा झाला.

गारा थांबल्या. म्हाकूची पाठ काळीनिळी. सात मेंढरं गेली. आणि पोर? घोंगडीच्या उबेत झोपलेली!

गाव म्हणालं, "देवानं राखलं रे, म्हाकू!"

म्हाकू म्हणाला, "राखलंच की. पण देवाला घोंगडी कुणी विणून दिली?"

काय बोलला बघा! शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस!

घोंगडी बारा वर्षांपूर्वी बाजारात एका व्यापाऱ्याकडून घेतलेली. म्हाकू त्या व्यापाऱ्याकडे गेला. व्यापारी हसला, "ही? सिदाप्पा सणगरानं विणलेली. दोन दिवसांची वाट आहे, बाबा. काम काय?"

"काम काही नाही. भेटायचंय."

पोरीला पाठीशी बांधून, तिच्या दुधाला एक शेळी संगं घेऊन म्हाकू निघाला. पोचला, तेव्हा सिदाप्पा मागावर बसलेले. सत्तरीचे. दारात जुनी घोंगडी घेतलेला माणूस दिसताच ओरडले —

"परत घेणार नाही! बारा पावसाळे वापरायची आणि मग भोक दाखवायला यायचं!"

हसू नका, मंडळी. जन्मभर त्यांच्या दारात तक्रारच आली होती!

म्हाकूनं पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. "भोक नाही, आप्पा. ही दाखवायला आलोय." आणि गारपिटीची सगळी हकीकत सांगितली.

सिदाप्पा घोंगडीवरून बोटं फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "इथं धागा सैल राहिलाय माझा."

"असू द्या. गारेला कुठं कळलं?"

सिदाप्पांची बायको कमळाक्का चुलीपाशी होती. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मुलगा म्हणतो, मोडा तो माग, कोण विचारतंय तुमच्या घोंगड्यांना. आणि हे रोज मान खाली घालून ऐकतात. बरं झालं आलास, भाऊ."

म्हाकू भाकरी खाऊन परत फिरला. सिदाप्पा वेशीपर्यंत पोचवायला आले. वाटेत कुणी भेटलं, की पोरीकडे बोट दाखवून सांगायचे, "ही माझ्या घोंगडीखाली वाचली बरं का!"

त्याच वर्षी माघात सिदाप्पा गेले. शेवटच्या आठवड्यापर्यंत माग चालू होता.

आता आपलं बोलू. आपण कधी जातो असल्या माणसाकडे? तेराव्याला! तिथं फार गोड बोलतो — "काय हात होता, असा कारागीर होणे नाही!" अरे, त्याला ऐकू येत होतं, तेव्हा तुमच्या तोंडात काय होतं?

कुणी तुम्हाला अक्षर गिरवायला शिकवलं असेल. कुणाच्या गळ्यातली ओवी ऐकून तुमचं दुःख हलकं झालं असेल. डोळे मिटा. एक नाव आठवा. आठवलं? जिवंत आहे ना ते माणूस?

मग आज प्रसाद घेतल्यावर घरची वाट थोडी वाकडी करा.