दोन चिनी ताईत

नाही काका, ती नाणी राहू द्या बाजूला — खोटी निघाली तर निघू देत, बाबांचं तोंड बघण्यासारखं होईल एवढंच. "शेकडो वर्षांची आहेत, जपून ने" म्हणे! घरात चुंबक फिरवलं, चिकटलं नाही, झाले सगळे तज्ज्ञ. पितळेला चुंबक कधी चिकटतं का? मी कॉलेज सोडलेला, मला कळतं, त्यांना नाही. तुम्ही जुन्या वस्तूंचे पारखी, हे दोन ताईत बघा — चौकोनी भोकाचे, वाघवाले. हा माझा. हा बहिणीचा. धाकटीचा.

आजोबा बोटीवर खलाशी होते, चीनकडच्या बंदरातून आणलेले. हा वाघ गळ्यात असला की पोराला काही होत नाही, म्हणायचे. आणि आमच्याकडे आजोबा बोलले की संपलं, पुढं कुणी ब्र काढायचा नाही. तिला ताप आला तेव्हाही तेच — "ताईत आहे ना गळ्यात, दवाखान्याची घाई कशाला?" बाबा एवढे शिकलेसवरलेले, बसले मान डोलावत. शिकून काय दिवे लावले, विचारा! मी ओरडलो, तर "मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस." शेवटी नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले — जाऊ दे. डॉक्टर काय म्हणणार.

मी मानतो का असलं? छे! पण ते मानत होते ना — मेख तिथं आहे. आता आजोबांच्या वस्तूंची वाटणी झाली, तेव्हा आत्या बोलून गेली: खरा जुना एकच होता, तो नातवाला दिला, दुसरा आपला असाच, नकली, पोरीचं मन राखायला. म्हणजे बघा — ज्यानं जीव वाचतो असं त्यांना वाटत होतं, ते मला. वंशाचा दिवा ना मी! आजोबा सुटले, पण बाबा आहेत. तुम्ही फक्त सांगा, माझा खरा आणि तिचा खोटा. दोन्ही नेऊन त्यांच्यासमोर आपटतो.

दोरे? कापा की — हा घ्या, तोही घ्या. नखानं काय खरवडताय? गंज असा निघतो? रंग आहे? मग तो तिचा असणार — काय, दुसऱ्याचाही निघतोय? नीट बघा काका, भिंग घ्या. शेपटीपाशी फुगवटा — हो, दिसला. आणि यावरही... तिथंच. अगदी तिथंच. एकाच साच्यातले. हातानं ओतलेले जुने असे जुळे नसतात म्हणता.

दोन्ही खोटे.

म्हणजे त्यांनी फरक केलाच नाही? की मनात केला, आणि बंदरातल्या कुणीतरी त्यांनाच टोपी घातली? हसायला पाहिजे खरं तर. पण मग — मलाही ताप होता हो. तेव्हाच. एकाच गादीवर होतो आम्ही, मध्ये आई. मी उठलो. मला वाटायचं, माझ्या गळ्यात खरा होता म्हणून... मानत नाही म्हणालो ना मघाशी? नाहीच मानत. पण काहीतरी कारण असायला नको का, काका? नुसताच मी उठलो आणि नुसतीच ती — असं कसं चालेल? बाबांना आता काय म्हणू मी घरी जाऊन?

नाण्यांचं नंतर बघू. ठेवा तुमच्याकडे, फेकून द्या. ताईत तेवढे द्या. तो नाही, तिचा आधी — थांबा. तिचा कोणता? तुम्ही आत्ता दोन्ही हातात घेऊन...

नको. नका सांगू. द्या.