चिमीचं पहिलं उत्तर

आमच्या ह्यांचं बोलणं तर तुम्हाले माहीतच हाय. लग्नाले आठ वर्षं झाली, काहीबी विचारा, उत्तर एकच, 'हूं'.

आमची तीन वर्षांची चिमी जन्मापासून बहिरी. तिच्या कानाचं ऑपरेशन करून मशीन बसवली, तवा दवाखान्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनं सांगतलं, पोरीसंग दिवसभर बोलत राहा. मंग काय, हा माणूस वांग्याच्या वावरात भाषण देऊन राह्यला.

"चिमे, हे वांगं. याले काटे असतेत."

मी विचारलं, "सेलूच्या बाजारात कवा जाता?"

"हूं."

चार महिने पोरगी कोनाच्याच हाकेले वळली नाई. परवा मी मागून म्हनलं, "चिमे, जेवाले चाल."

चिमी मान न वळवता म्हने, "हूं."

आठ वर्षं ज्या 'हूं'नं मले वात आणला, त्याच 'हूं'साठी मी गल्लीभर साखर वाटली.